नाएलचं पान

१

दुपारची जेवणं झाली की मी लसूण सोलायला बसतो. बायको होती तेव्हा ती सोलायची आणि मी नुसता समोर बसून तिचं ऐकायचो. ती गेल्यावर टोपली माझ्याकडे आली. राजन म्हणतो, अण्णा, सोललेला लसूण पाकिटात मिळतो. मिळत असेल. पण मग दुपारी मी काय करायचं?

आमचं फराळाचं दुकान शारजात रोलाला आहे आणि राहतो आम्ही तिथेच अल मजाजला, खाडीच्या पाण्यासमोर, सातव्या मजल्यावर. मुलगा राजन आणि सून मैथिली दुकान बघतात. दिवाळीच्या आधीचे दिवस होते. घरात चकलीचा आणि भाजणीचा वास भरून राहिला होता, बैठकीत डब्यांची रास होती. मी जेवणाच्या टेबलाशी बसलो होतो. त्या टेबलामागची भिंत आमची आणि शेजारच्या एमानची एकच आहे.

एमान पन्नाशीची बाई. दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला असते. एकटी राहते. माहेर गाझाचं. ईदला ती खजूर भरलेली बिस्किटं आणून देते, दिवाळीला आम्ही करंज्या देतो. मला ती अम्मो म्हणते, म्हणजे काका. मी तिला बेटी म्हणतो. इतकी वर्षं इथल्या बाजारात काढल्यामुळे माझं अरबी भाजी-मसाल्यापुरतं आहे, आणि तिला थोडं हिंदी येतं. आमचं भागतं.

भिंतीपलीकडे तिचं घर फारसं ऐकू येत नाही. नळ, कपाटाचं दार, कधी टीव्ही. त्या दुपारी मात्र खुर्च्या ओढल्याचा आवाज आला. एक नाही, पुष्कळ. कुणीतरी एकेक खुर्ची आणून भिंतीला लावत होतं. मग वेलदोड्याच्या कॉफीचा वास आला, दाराच्या फटीतून थेट आमच्या टेबलापर्यंत.

मला वाटलं, पाहुणे येणार. बरं वाटलं. एकट्या बाईकडे चार माणसं येतात म्हटलं की शेजाऱ्यालाही बरं वाटतं.

लसूण संपला. ऊन टेबलावरून उतरून जमिनीवर आलं. लिफ्ट आमच्या मजल्यावर थांबली नाही. तिची बेल वाजली नाही. कुणी हसलं नाही, खाकरलं नाही. संध्याकाळ होत आली तेव्हा भिंतीपलीकडे एक खुर्ची थोडीशी सरकली. बसलेल्या माणसाने अंग हलवावं, तेवढीच.

मी मनात म्हटलं, एमानच असेल. दुसरं कोण असणार.

२

दुसऱ्या दिवशी सकाळी मैथिली डबे मोजता मोजता म्हणाली, “अण्णा, शेजारच्या एमानचा भाऊ गेला. खाली वॉचमन सांगत होता.”

“कुठे? तिकडे?”

“तिकडेच.”

“बॉम्बमध्ये?”

“असेल. तिथे दुसरं काय असतं?”

मी गॅसपाशी गेलो. आमच्याकडे कुणाच्या घरी माणूस गेलं की त्या घरी चूल पेटत नाही. शेजाऱ्यांनी पिठलं-भात न्यायचा. कडू घास म्हणतात त्याला. फोडणी द्यायची नाही, तूप वाढायचं नाही. माझी बायको गेली तेव्हा याच इमारतीतल्या एका कोकणी बाईने आणला होता. त्या घासाची चव अजून आठवते आणि त्या बाईचे उपकारही.

मैथिलीने मला बेसन काढताना पाहिलं आणि काय ते समजली. म्हणाली, “जा तुम्ही. पण आल्यावर आधी आंघोळ, हं. तशीच पावलं स्वयंपाकघरात आणू नका. ऑर्डरी आहेत, लोक देवापुढे ठेवतात आपला फराळ.”

“हो ग बाई.”

एमानचं दार उघडंच होतं. बैठकीच्या तिन्ही भिंतींना पांढऱ्या प्लास्टिकच्या खुर्च्या लावलेल्या, भाड्याने आणतात तसल्या. मधे नवा करडा गालिचा. कोपऱ्यात कॉफीचं भांडं आणि बिनकानाचे छोटे कप, सगळे उपडे. एकही खुर्ची भरलेली नव्हती. कुठे फोटो नव्हता.

काळ्या कपड्यांतली एमान स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मला बघून दचकली.

“अम्मो, तुम्ही?”

“अल्ला यर्‌हमो,” मी म्हटलं. देव त्याच्यावर दया करो. इथे राहून एवढं शिकलोय.

तिने पदर ओढावा तशी ओढणी तोंडावर धरली. मला वाटलं रडेल. पण रडली नाही. नुसती बघत राहिली, जणू मी भलत्याच घरी आलोय आणि हे मला कसं सांगावं ते तिला कळत नाहीये.

तिने कॉफी ओतली. सुतकाच्या घरी आम्ही पाणीही घेत नाही. पण तिने कप माझ्यापुढे धरूनच ठेवला होता. मी घेतली. कडू होती, साखरेचा कण नव्हता.

“कालपासून कुणी आलं नाही?”

“नाही.”

“येतील. लोक कामात असतात.”

तिने एक उपडा कप सरळ केला आणि पुन्हा उपडा ठेवला.

मी डबा उघडला, दोन ताटल्या मागितल्या. एका ताटलीत भाताची मूद घातली, बाजूला पिठलं घातलं आणि ती ताटली खाली गालिच्यावर, एका रिकाम्या खुर्चीसमोर ठेवली. दुसरी तिच्या हातात दिली.

“ते कुणाचं?”

“त्याचं. आमच्यात आधी गेलेल्याचं पान वाढतात. मग घरच्यांनी जेवायचं. नाव काय त्याचं?”

“नाएल.” बऱ्याच दिवसांत ते नाव उच्चारलं नसावं, अशा सुरात ती म्हणाली. मग ताटलीकडे बघत म्हणाली, “तो जेवेल?”

“नाही ग. आपल्या मनाचं असतं ते.”

तिने थोडंसं खाल्लं. मी तिथेच बसून राहिलो. इतक्या खुर्च्यांत एकटा बसलं की माणसाला हात कुठे ठेवावेत ते कळत नाही.

उठताना तिने एकच विचारलं. “त्यांच्यात तीन दिवस बसतात ना, पुरुष माणसं. माझ्याकडे पुरुष माणूस नाही. उद्या याल?”

खरं म्हणजे तिने ‘आमच्यात’ म्हणायला हवं होतं. ‘त्यांच्यात’ म्हणाली. ते मला घरी आल्यावर, डोक्यावर पाणी घेताना जाणवलं.

३

संध्याकाळी कोथिंबीर आणायला खाली गेलो होतो. परत येताना लिफ्टमध्ये झारा भेटली. ती वरच्या मजल्यावर राहते. तीही पॅलेस्टाइनचीच. एरवी ‘अंकल, गुडघा कसा आहे’ म्हणून विचारते.

“अंकल, तुम्ही तिच्याकडे गेला होता?”

“हो. तिचा भाऊ गेला ना.”

“कसा गेला ते माहीत आहे?”

मी मान हलवली. तिने फोन काढला. मी नको म्हणणार होतो, पण तिने तो माझ्यासमोर धरला होता आणि म्हाताऱ्या माणसाला चटकन तोंड फिरवता येत नाही.

पडक्या इमारतींच्या मधला चौक. माणसांची गर्दी, काहींच्या खांद्यावर पोरं, उरुसात असतात तशी. मधे गुडघ्यावर बसवलेली काही माणसं. हात मागे बांधलेले. डोक्यावरून कापड ओढलेलं, तोंड दिसत नव्हतं. मागे तोंड झाकलेले बंदूकवाले. एकजण कागद न बघता काहीतरी घोषणा करत होता.

“हिरव्या शर्टातला,” झारा म्हणाली. तिने अंगठ्याने ते चित्र थांबवलं. पुढचं दाखवलं नाही. “खबऱ्या होता म्हणतात. बॉम्ब टाकणाऱ्यांना घरं दाखवायचा.”

लिफ्ट आमच्या मजल्यावर थांबली, दार उघडलं, मिटलं. आम्ही वर गेलो.

“होता का?” मी विचारलं.

“मला काय माहीत? कोर्ट नाही, साक्षीदार नाही. मला काय माहीत?” तिचा आवाज चढला. “पण अंकल, माझ्या बहिणीचं घर पडलं. आत तिची मुलं होती. इतक्या घरांत नेमकं तेच घर कसं सापडलं? कुणीतरी सांगितलं ना? कुठली इमारत, कितवा मजला, कोण कुठे झोपतं. आपोआप सापडतं का घर?”

“नाही बेटी.”

“मग मी कशी जाऊ तिच्याकडे? तुम्ही सांगा. ती माझ्याकडे आली होती तेव्हा, माझ्या भाच्यांसाठी रडली होती. माझ्या शेजारी बसून रडली होती.” तिने डोळे पुसले. “मी नाही जाऊ शकत. खलास.”

तिच्या मजल्यावर ती उतरली. मी लिफ्टमध्ये तसाच राहिलो. कोथिंबिरीची जुडी हातात होती, तिचं पाणी बाहीत उतरत होतं.

४

राजनला कुठूनतरी कळलंच. जेवताना त्याने ताट पुढे सारलं.

“अण्णा, प्लीज. या मॅटरमध्ये इन्व्हॉल्व्ह होऊ नका. इथे आपण पाहुणे आहोत. बिल्डिंगमधले सगळे अरब कस्टमर आहेत आपले. लोक बघतात कोण कुणाकडे जातंय.”

“मी जेवण नेलं होतं रे.”

“ते कुणाला एक्स्प्लेन करणार तुम्ही? त्यांच्याच लोकांनी त्याच्यावर पाणी सोडलंय. आणि समजा त्याने खरंच केलं असेल तर? लहान मुलं मेलीत तिथे.”

“केलं असेल तर वाईटच केलं.”

“मग?”

 मैथिली खाली मान घालून भात कालवत होती. नात पर्णिका म्हणाली, “बाबा, आजोबा इज जस्ट बीइंग नाइस.”

“तू जेव,” राजन म्हणाला.

सगळे उठल्यावर मी टेबलाशी बसून राहिलो. त्याच भिंतीला खांदा टेकला होता. तेव्हा तो आवाज ऐकला. आधी वाटलं एसी. उठून एसी बंद केला. आवाज राहिला. श्वास होता. आत घेताना फरफर, बाहेर सोडताना दबलेला. थंडीत लहानपणी आम्ही गोधडी डोक्यावरून घेऊन झोपायचो, तेव्हा आतून असाच यायचा. कापडातून घेतलेला श्वास.

फार खाली येत होता, जमिनीलगत. भिंतीशी उभ्या किंवा खुर्चीवर बसलेल्या माणसाचा नव्हता.

एमान रडत असेल, मी स्वतःला सांगितलं. जमिनीवर बसून, तोंडात ओढणी घालून. बायका तशा रडतात. हे पटण्यासारखं होतं, म्हणून मी ते धरून ठेवलं.

५

दुसऱ्या दिवशी दुपारी, राजन दुकानात असताना गेलो. एमान दारातच उभी होती. आत गेली नव्हती की आतून बाहेर आली होती, कळलं नाही.

“अम्मो, काल तुम्ही काय केलंत?”

“काय केलं?”

तिने बोट दाखवलं.

ताटली मी ठेवली तिथेच होती. भाताची मूद अर्धी संपली होती. पण बोटांनी कालवलेली नव्हती. चमच्याने उकरलेली नव्हती. वरून, मधोमध एक खळगा पडला होता, काठ ओबडधोबड. गुरं आंबोण खातात तेव्हा तसा खळगा पडतो. पिठलं ताटलीच्या कडेपर्यंत ढकललं गेलं होतं. पांढऱ्या भाताच्या काठावर राखाडी भुकटी होती. मी बोटाने चोळून पाहिली. सिमेंट.

“मांजर आहे का घरात?”

“नाही.”

“तू खाल्लंस का बेटी? उपाशी माणसाला कधी कधी कळत नाही.”

“अम्मो.”

मग मी गालिचा बघितला. नवा होता, लव उभी. ताटलीच्या अलीकडे लव दोन जागी दबली होती, वाटीएवढी वाटोळी. खुर्चीचे पाय असतील, असं मी म्हणणार होतो. पण खुर्चीला चार पाय असतात. आणि इतके जवळ नसतात.

मी एका खुर्चीवर बसलो.  म्हातारपणी भीतीही थकल्यासारखीच येते. पळून जावंसं वाटत नाही, कुठेतरी टेकावंसं वाटतं.

एमान समोर बसली. आमच्या मधे ती ताटली.

“काल झाराने मला दाखवलं,” मी म्हटलं.

“सगळ्यांनी बघितलंय. मलाही कुणीतरी पाठवलं. नाव न घालता.” तिचा आवाज सपाट होता. “तो मोबाइल दुरुस्त करायचा. सगळ्यांचे फोन त्याच्याकडे यायचे. लहानपणी फार बडबडा होता. आई म्हणायची, नाएलच्या पोटात पाणीही राहत नाही. शेवटी मला त्याचा फोन आला तेव्हा नीट बोललाच नाही. म्हणाला, एमान, भूक लागली आहे. एवढंच.”

“तुला काय वाटतं? केलं असेल त्याने?”

“मला माहीत नाही. तेच तर.” ती पुढे झुकली. “झाराच्या भाच्यांसाठी मी रडले, अम्मो. खरी रडले. त्याने जर केलं असेल तर त्याच्यासाठी कुठल्या तोंडाने रडू? आणि नसेल केलं तर? तर तो त्या चौकात एकटा मेला आणि मीसुद्धा रडले नाही. मला एवढंच कळू दे. मग मी काय ते करेन.”

“ते आता कोण सांगणार?”

तिने ताटलीकडे पाहिलं.

“मी विचारलं त्याला. पहाटे. तो माझ्याशी बोलत नाही. बहिणीला कोण सांगेल असलं? तुम्ही आलात तिथून तीन दिवस धरलेत मी, उद्या शेवटचा दिवस. मग खुर्च्या परत जातील. तुम्ही विचाराल?”

मी तिला सांगू शकलो असतो की हे सगळं मनाचे खेळ आहेत, तू जेव, झोप, दवाखान्यात जा. तोंडही उघडलं होतं. पण माझं लक्ष त्या खळग्याकडे होतं, आणि माझ्या तोंडून भलतंच गेलं.

“त्याचे हात बांधलेत ग. तो जेवणार कसा?”

६

तिसऱ्या दिवशी सकाळी राजन कामाला निघताना दारात घुटमळला. “अण्णा, आज घरीच थांबा. आय मीन इट.” मी मान डोलावली. वाद घालायचं वय गेलं माझं.

मी बेसनाचा डबा काढायला गेलो तर ओट्यावर पितळी डबा भरून ठेवलेला. मैथिली पाठमोरी होती, शेव पाडत होती.

“पिठलं मीच केलंय. ह्यांना सांगू नका,” ती म्हणाली. “आणि अण्णा, लवकर या.”

एमानने पडदे ओढून घेतले होते. बाहेर लख्ख दुपार, पडद्यांच्या कडांना उन्हाच्या रेघा. मी तिला स्वयंपाकघरात जाऊन बसायला सांगितलं. मग ताटली धुऊन आणली, पान वाढलं आणि गालिच्यावर मांडी घालून बसलो, ताटलीच्या अलीकडे. गुडघा कुरकुरला. रिकाम्या खुर्च्या भिंतीला पाठ लावून होत्या. फ्रिजची घरघर चालू होती, ती मधेच थांबली.

मी भात कालवला. हाताला काम मिळालं की मन स्थिरावतं. पर्णिका लहान असताना तिला असाच भरवायचो.

“ये बाळा,” मी मराठीतच म्हटलं.

बराच वेळ काही नाही. मला हसू यायला लागलं होतं, खरंच. एक म्हातारा परक्या घरात जमिनीवर बसून भाताचे गोळे करतोय. उठावं, एमानला जवळ घ्यावं, म्हणावं की बघ, काही नसतं.

समोर गालिच्याची लव दबली. आधी एका जागी. मग तिच्या शेजारी दुसऱ्या.

मी वर बघितलं नाही. नजर ताटलीवर ठेवली. ताटलीच्या पलीकडे हिरव्या कापडाची कड दिसत होती, धुळीने माखलेली. तो श्वास होता. फरफर आत, दबलेला बाहेर. ओल्या सिमेंटचा वास आला, नव्या बांधकामाजवळून जाताना येतो तसा.

मी डावा हात पुढे केला. जाडंभरडं कापड लागलं. झोपलेल्या पोराच्या तोंडावरून पांघरूण सारतात तसं मी ते थोडं वर केलं, फक्त ओठांपुरतं. बोटांना दाढीचे खुंट लागले, गार. उजव्या हाताने घास पुढे धरला.

त्याने घेतला.

दात माझ्या बोटांना लागले. चावला नाही. घाईघाईत गिळलं त्याने, आणि तोंड पुन्हा तिथेच. मी दुसरा दिला. तिसरा. थोडा भात खाली सांडला, तर श्वास लगेच खाली वळला. “सावकाश,” मी म्हटलं. “सगळं तुझंच आहे.” काय सांगू, त्या वेळी मला भीती नव्हती. इतका भुकेला माणूस समोर असला की भीती बाजूला बसते.

ताटली पुसून संपली. मी कापड खाली सोडलं आणि हळूच, माझ्या अरबीत विचारलं, “बाळा, तू केलंस का ते? तुझ्या बहिणीला हवंय.”

श्वास जवळ आला. माझ्या गालाशी. मग कानाशी. आणि तो बोलायला लागला.

आवाज बारीक होता, एका सुरात. पुष्कळदा म्हणून पाठ झालेलं माणूस म्हणतो तसा. मला त्यातला शब्द न् शब्द कळला. बाजारातलेच शब्द होते.

शारजा. पाण्यासमोरची इमारत. सातवा मजला. लिफ्टमधून बाहेर पडलं की डावीकडचं शेवटचं दार. आत एक म्हातारा. त्याचा मुलगा, सून. मागच्या खोलीत, खिडकीशी, एक मुलगी झोपते.

थांबला. श्वास घेतला. पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. शारजा. पाण्यासमोरची इमारत.

“कुणाला सांगतोयस?” मी विचारलं. “नाएल, कुणाला सांगतोयस रे?”

मुलगी झोपते, तो म्हणाला. मग फ्रिज पुन्हा सुरू झाला आणि माझ्यापुढे नुसती ताटली होती.

७

एमान दारात आली. किती वेळ उभी होती कोण जाणे. आधी रिकामी ताटली बघितली, मग माझा हात.

“बोलला?”

माझ्या बोटांना भाताची शितं चिकटली होती. त्यात करडी भुकटी. तिचे डोळे माझ्यावरून हलत नव्हते. झाराचा चेहरा माझ्या डोळ्यांपुढे आला. आपोआप सापडतं का घर, अंकल? आणि या बाईचं सुकलेलं तोंड, खुर्च्यांची रांग. मी खरं सांगितलं असतं तर ते नेमकं काय ठरलं असतं, हे मला तेव्हाही कळलं नाही. अजून कळत नाही.

“जेवला,” मी म्हटलं. “माझ्या हातून जेवला. बोलला काही नाही. दमला होता ग पोर.”

“भूक होती त्याला?”

“फार.”

ती गालिच्यावर बसली, त्याच दबलेल्या जागेजवळ. लवेवरून हात फिरवला. मग जो हंबरडा फोडला तिने, तो ऐकून मला बरं वाटलं आणि कापरंही भरलं. मी तिच्या डोक्यावर डावा हात ठेवला. उजवा खरकटा होता.

घरी येऊन आंघोळ केली. बोटं साबणाने पुन्हा पुन्हा धुतली. लसणाची टोपली घेऊन टेबलाशी बसलो. भिंतीपलीकडे ती रडतच होती, मोठ्याने, माणसं आपल्या माणसासाठी रडतात तशी. वर झाराला ऐकू जात असेल. संध्याकाळी माणसं येऊन खुर्च्या घेऊन गेली.

मी त्यावर खूप विचार केला आहे. इतक्या मोठ्या इमारतीत त्याच्याकडे आलेलं एकच घर होतं. जेवू घालणाऱ्याला दुवा देतानाही माणूस घराचा पत्ता घेतो की. या घराचं भलं कर, देवा, ते अमुक ठिकाणी आहे, आत अमुक माणसं आहेत. त्याला दुसऱ्या तऱ्हेने बोलायची सवय राहिली नसेल. मला हेच खरं वाटतं. रोज वाटतं.

त्याच संध्याकाळी मी राजनला म्हटलं, पर्णिकाचा पलंग मागच्या खोलीतून काढून माझ्या खोलीत टाक.

“आजोबा, बट व्हाय?” पर्णिका म्हणाली.

“तिथे एसीचं पाणी गळतंय.”

राजनने भिंतीला हात लावून पाहिला. जमीन पाहिली. “सगळं ड्राय आहे, अण्णा.”

“तू ओढ पलंग,” मी म्हटलं.

त्याने माझ्याकडे बघितलं आणि ओढला. मागच्या खोलीत, खिडकीशी, आता मी झोपतो.